गोळ्यांचा वानवळा

एकदा मी अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा वानवळा वाटला. हसा, नातवंडंही हसतात. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून दहा-बारा वर्षं होती.

भात कापताना विळा पोटरीला लागला आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशीच ठणका थांबला. आता आमच्या औंढ्यात नवं पीक आलं की थोडं थोडं घरोघर द्यायचं, तो वानवळा. एकटीनं खाल्लेलं पचत नाही म्हणतात. मी उरलेल्या गोळ्या वाटून टाकल्या. एक शेजारीण सर्दीवाली, दुसरी गुडघेवाली. गुडघेवालीच्या अंगभर गांधी उठल्या, आणि दोन दिवसांत माझी पोटरी भोपळ्यासारखी सुजली. डॉक्टरांनी आम्हाला शेजारी-शेजारी बसवून झाडलं. तिला गांधींवर इंजेक्शन, मला नव्यानं दुसऱ्या गोळ्या. "या वेळी सुधारली नाही तर चिरावी लागेल," म्हणाले.

तेव्हापासून किसनभाऊ माझ्या मागे लागले. सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. एकटेच राहायचे. गळ्यात शिट्टी. सकाळ-संध्याकाळ माझं जेवण झालं की दारात येऊन ती फुंकायचे. आळीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची.

"घ्या गोळी. आता जीब वर करा, वैनी."

"अहो भाऊ, लपवते का काय मी?"

"तुमाला वाटायचा लय सोस. दावा!"

मी कुरकुरले, बरं वाटतंय की आता, तर म्हणाले, "जंतू म्हंजी पाव्हणा न्हाई, दारापत्तुर सोडून मागं फिरायला. पार येशीभाईर घालवायचा. डॉक्टर म्हनतील तवा थांबायचं, तुमी न्हाई."

सर्दीवालीनं माझ्याकडे हळूच एक गोळी मागितली, तर तिलाही दटावलं, "सर्दीला ह्या गोळीचं भ्या न्हाई. वाफ घ्या."

शेवटची गोळी झाली. डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली. चिरायची गरज नव्हती. आनंदानं मी किसनभाऊंना चहा केला. दोन कप झाले तरी उठेनात.

"सुटलात हो भाऊ माझ्या कटकटीतून," मी म्हटलं.

रिकाम्या कपात बघत ते म्हणाले, "गावात आता आजारी बी कुनी न्हाई, वैनी. उद्या सकाळी जाऊ कुटं?"