टेकरामभाऊंचा काटा

टेकरामभाऊ नमस्कार करत नाहीत, वजन सांगतात. आमगावात मी त्यांच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी माझं नाव ऐकायच्या आधीच ते मला न्याहाळून म्हणाले, "बहात्तर. शंभरेक ग्राम इकडं-तिकडं." शाळेत वीस वर्षं पोरांना धाकात ठेवणारी बाई मी, पण त्या दिवशी मान खाली घालून घरात शिरले.

राइस मिलमध्ये धान मोजण्यात त्यांची हयात गेली. मिलनं मोडीत काढलेला एक जुना काटा त्यांनी घरच्या पडवीत आणून ठेवलाय. आल्यागेल्याला त्यावर चढावंच लागतं. जरा का-कू केलं की, "काऊन भेता? काटा खोटा बोलत नाई," हे ठरलेलं.

काट्यामागच्या भिंतीवर देव नाहीत, फिलिपाईन्सचे बॉक्सर आहेत. सगळे सर्वांत हलक्या गटांतले विश्वविजेते. इंटरनेट कॅफेतून छापून आणलेले, आणि प्रत्येकाखाली खडूनं वजन लिहिलेलं. "सत्तेचाळीस किलो सहाशे ग्राम! म्याडम, आपला धानाचा कट्टा, म्हनजे पोतं, चाळीस किलोचा. कट्ट्याहून साडेसात किलो जास्त, अन् जगाचा राजा! अन् खाते काय? भात! तीन टाईम भात!" भाऊ नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण ती माणसं भात खातात आणि अंगानं बारकी असतात, म्हणजे आपल्या गोंदियाकडचीच, हे त्यांचं ठाम मत.

गंमत म्हणजे या माणसाला झुंज बघवत नाही. मोबाईलवर लावायची, मला समोर बसवायचं आणि स्वतः दुपट्टा तोंडावर ओढून घ्यायचा. "कोन पडला? आपलावाला? उठला का?" झुंज जुनी, दहादा लावलेली, कोण जिंकतो ते दोघांनाही पाठ. तरी दुपट्ट्याआडून, "म्याडम, उठला का?" मी उठला म्हणेपर्यंत श्वास सोडत नसत. मला भारी हसू यायचं.

मग त्यांची मुलगी रोशनीच बॉक्सिंग शिकली आणि माझं हसू पळालं. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजात जाणारी. भिंतीवरची ती माणसं बघतच वाढलेली, दुसरं काय होणार! अठ्ठेचाळीस किलोच्या गटात गोंदियाला तिची पहिली झुंज होती. टेकरामभाऊ दुपट्ट्यात, मी शेजारी. दुसऱ्या फेरीत तिच्या कानशिलावर ठोसा बसला आणि रोशनी खाली आली. पंच आकडे मोजायला लागले.

"म्याडम, उठली का?"

मी पंचांच्या बोटांवर नजर लावून बसले होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "सांगा ना बाप्पा! उठली का?"

सातव्या आकड्याला उठली.  मनगटावर भाऊंची बोटं चार दिवस उमटलेली होती.

दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी आली. रोशनी रोज पडवीतल्या काट्यावर चढायची. सत्तेचाळीस किलो आठशे ग्राम. त्याच आठवड्यात माझंही वजन दीड किलोनं उतरलं! भजी न सोडता, पाऊल न चालता! शाळेत मी हे इतक्या जणींना सांगितलं की पेढे वाटायचेच काय ते राहिले.

चाचणीच्या सकाळी गोंदियाला रोशनी तिथल्या काट्यावर चढली. एकोणपन्नास किलो तीनशे. बाद! पोरगी तीनदा उतरली, तीनदा चढली. "बाबाचा काटा चुकत नाई," एवढंच म्हणत राहिली.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिचं दीड किलो आणि माझंही दीड किलोच. मी भाऊंकडे बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत बसलेले. घरी आल्यावर रोशनी आत गेली, तसा मी काट्यामागे हात घातला. काटा दीड किलो कमी दाखवेल असा मागचा पेच फिरवलेला होता.

"मिलमधल्या काट्याले जिंदगीत असा हात नाई लावला," ते हळूच म्हणाले. "फकत याले. वजनातच बाद झाली तं मार नाई खानार, असं वाटलं."

मी असली भडकले! "काटा खोटा बोलत नाही म्हणून सगळ्या गल्लीला दम देता, आणि पोटच्या पोरीला फसवता?"

"भेव लागते म्याडम. लय भेव लागते. मीच सांगतो तिले, दोन दिवस द्या."

रोशनीला मात्र बापाचा संशय येणं शक्यच नव्हतं. काटा खरा, म्हणजे चूक आपल्या खाण्याची. तिनं भात सोडला, मग पोळी सोडली. भर उन्हात स्वेटर घालून रेल्वे फाटकापर्यंत धावायची, पाणीसुद्धा घोट-घोट प्यायची. चौथ्या दिवशी पडवीत चक्कर येऊन पडली. कुणी ठोसा मारला नव्हता तरी पडली.

तिला शुद्धीवर आणून बसवलं. टेकरामभाऊ मला बाजूला ओढून म्हणाले, "तुमी सांगा तिले."

"मुळीच नाही. पेच तुम्ही फिरवलात, तुम्हीच सांगा."

तिच्या आईनं भाताचं ताट आणून पुढ्यात ठेवलं होतं. रोशनी त्याला हात लावत नव्हती. भाऊ समोर बसले, दुपट्टा तोंडावर ओढला आणि आतूनच सगळं सांगून टाकलं. पेच, दीड किलो, भेव. "तुयं काई चुकलं नाई बाई," म्हणाले, "मीच फिरवला."

रोशनी भिंतीला धरून उठली, काट्यामागे गेली. पेच कुरकुरत परत फिरला. मग येऊन ताटापुढे बसली.

माझं मनगट भाऊंनी कधी धरलं, कळलंच नाही.

"म्याडम," दुपट्ट्याआडून आवाज आला, "जेवून राहिली का?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं भात कालवत होती.

"हो," मी म्हटलं. "जेवतेय."

तरी त्यांनी दुपट्टा काढला नाही. म्हणाले, "पुरा खाल्ला का सांगजा."