थंड खोलीतला पाहुणचार

पेठ वडगावचे पाहुणे वर्षाराणीला बघायला निघाल्याचा फोन आला, तेव्हा वर्षाराणी शिडी लावून थंड खोलीच्या छपरावर चढली होती आणि सौर पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होती. तिची आई बायडाबाई खाली शिडी धरून उभी होती. शिडी हलू नये म्हणून नव्हे, तर पोरगी उतरली की तिला थेट न्हाणीत ढकलता यावं म्हणून.

"अगं, बघाय येणाऱ्या पावण्यांनी तुला माकडासारखी छपरावर बघायची काय?"

"आलो, आलो! धूळ बसली की खोली गार व्हत न्हाय, आई. आत गुरुसिद्धकाकांचा घेवडा हाय. उद्या बाजारात जायचाय त्यो."

"घेवड्याचं लगीन न्हाय ठरवायचं, तुझं ठरवायचंय!"

ते दोन हजार सातचं साल होतं, मे महिना होता. भारनियमनानं अर्धा दिवस वीज गायब असायची आणि कोडोलीजवळच्या त्या वस्तीत घरोघरचे फ्रिज भांड्यांच्या कपाटासारखे वापरले जात होते. अख्ख्या वस्तीत गार अशी एकच जागा होती, ती म्हणजे वर्षाराणीच्या घरामागची ही उन्हावर चालणारी खोली. कोल्हापुरातल्या एका संस्थेनं ती लहान शेतकऱ्यांना परवडेल अशी बांधून दिली होती. जाड भिंती, जाड दार, आत क्रेटच्या उतरंडी. पूर्वी टोमॅटो तोडला की त्याच दिवशी मिळेल त्या भावाला द्यावा लागे, नाहीतर म्हशीपुढं टाकावा लागे. आता तो आठवडाभर आत निवांत बसायचा आणि व्यापाऱ्यालाच घाम फुटायचा.

खोली चालवायचं शिकायला संस्थेनं कुणाला तरी बोलावलं, तेव्हा बाप्यांना सगळ्यांनाच कामं होती. म्हणून वर्षाराणी गेली. तेव्हापासून खोली चालवायची ती आणि खोलीबद्दल गावभर बोलायचे तिचे वडील कृष्णात, अशी कामाची वाटणी झाली होती.

पाहुणे आले ते जीपमधून. नवऱ्या मुलाचे वडील आण्णा, मुलगा राजवीर आणि जीप चालवणारा मध्यस्थ जोतीराम. आण्णा देहानं भरभक्कम, डोक्यावर कडक टोपी, अंगात धुवट पांढरा सदरा. घराच्या पुढच्या सोप्यात येऊन टेकले आणि वर बघितलं. पंखा होता, पण वीज नव्हती.

"लाईट कवा येती?" आण्णांनी विचारलं.

"येती की. सांजच्याला," कृष्णात म्हणाला.

आण्णांनी घड्याळात बघितलं. दुपारचे दोन वाजले होते. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला, तो नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. कृष्णातनं उसाचा विषय काढला, आण्णा "हं" म्हणाले. पावसाचा काढला, "हं" म्हणाले. पोरीच्या शिक्षणाचा काढला, तर तेही म्हणाले नाहीत, नुसता टोपीनं वारा घेऊ लागले. बैठक बिघडत चालली हे कृष्णातला कळत होतं. बायडाबाई आत पोरीला सजवत होती आणि ते काम लवकर संपायची चिन्हं नव्हती.

"जोतीराम, जीप काढ आन् कोडोलीत जाऊन चार थंडच्या बाटल्या आण," कृष्णात म्हणाला. जीप गेली. तरी घाम थांबेना. मग कृष्णातच्या डोक्यात ती कल्पना आली. "आण्णा, बाटल्या येईस्तोवर घामाघूम कशाला बसायचं? चला, तुम्हास्नी आमचं महाबळेश्वर दावतो!"

तिघं परसदारानं बाहेर पडले. थंड खोलीचं दार उघडताच गारव्याचा असा लोट आला, की आण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू उमटलं. ते आत शिरले, टोपी काढली आणि दाराच्या आतल्या बाजूला एक हिरवी गुंडी होती तिला अडकवली. मग मिरचीच्या क्रेटवर ऐसपैस बसून म्हणाले, "हां! आता बोला."

कृष्णात बोलू लागला. यंत्र दाखवायला म्हणून पाहुण्यांना क्रेटच्या उतरंडीमागं घेऊन गेला. दार त्यानं किंचित उघडं ठेवलं होतं, कारण पूर्ण लावल्यावर कोंडल्यासारखं वाटतं असं राजवीर म्हणाला होता.

नेमका त्याच वेळी शेजारचा गुरुसिद्ध बांधावरून चालला होता. शेजारी म्हणून सोन्यासारखा माणूस, पण थंड खोलीच्या दाराबाबत महा कडक. फट दिसताच त्याचं डोकं तापलं. "अय्यो! माझ्या घेवड्याला काय ऊन खायला घातलंय काय? कितीदा सांगायचं ह्या लोकास्नी!" असं म्हणत त्यानं दार धाडकन लावलं, बाहेरची मूठ गच्च फिरवली आणि समाधानानं कोडोलीला दाढी करायला निघून गेला. आत यंत्राच्या पंख्याच्या घरघरीत कुणाला काही ऐकू आलं नाही.

इकडं बायडाबाई पोह्यांच्या बशा आणि नटलेली पोरगी घेऊन सोप्यात आली. सोपा रिकामा. बाहेर बघितलं, जीप नाही. नवराही नाही. बायडाबाई मटकन खाली बसली.

"गेली! पोरगी न बघताच गेली! तुझे आबा गेलं असतील त्यांच्या मागनं पाया पडत. तरी म्हणत हुतो छपरावर चढू नगंस! लांबनं बघितलं असंल त्यांनी!"

"गेले तर जाऊ देत की," वर्षाराणी म्हणाली. पण बोलताना तिचा आवाज बारीक झाला. गेल्या वर्षभरात तिला बघायला आलेले दोघं पोहे तरी खाऊन, 'कळवतो' म्हणून तरी गेले होते. ती पोह्यांची बशी घेऊन चौकटीत बसली आणि एकेक शेंगदाणा वेचून खाऊ लागली.

आत खोलीत दार लागल्याचं लक्षात यायला थोडा वेळ गेला. आधी तिघांनी दार ढकललं. मग आण्णांनी खांदा लावला. मग तिघांनी मिळून हाका मारल्या. ज्या भिंतींतून मेचं ऊन आत येत नव्हतं, त्यांतून कृष्णातची हाक बाहेर जाणं कठीणच होतं. राजवीरनं मोबाईल काढला. रेंजची एकही काडी नव्हती.

"फोन गेलाय का हो ह्यो?"

"न्हाय. पत्र्याच्या डब्यात बसलोय आपण," आण्णा म्हणाले. "कृष्णातराव, ही खोली कमी गार करायचं काय बटण-बिटण असंल की."

"असंल की. वर्षाला म्हाईत."

"आतनं दार उघडायची काय सोय?"

"ती बी वर्षालाच म्हाईत असणार."

"मग तुम्हास्नी काय म्हाईत?"

कृष्णातनं विचार केला. "उद्घाटनाला पेढे मी आणलेते."

थोड्या वेळानं आण्णांनी गुंडीवरची टोपी काढून कानापर्यंत ओढली. पातळ सदऱ्यातून थंडी थेट हाडाला भिडत होती. राजवीरनं कोपऱ्यातली रिकामी पोती शोधून काढली, एक वडिलांना दिलं, एक कृष्णातला आणि एक स्वतः गुंडाळलं. तीन पोती गुंडाळलेले तीन इसम टोमॅटो खात बसले. आण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. कृष्णातला ते स्तोत्र असावंसं वाटलं.

"पर सांच्याला वर्षा येती बघायला," तो धीर देत म्हणाला. "एक दिवस चुकवत न्हाय. दोन वर्सं झाली, कुणाचा एक टोमॅटो नासू दिला न्हाय पोरीनं. गुरुसिद्धसारखा माणूस तिच्या शब्दावर माल ठेवतोय. ह्या खोलीपायी शिकायला ती कोल्हापूरला गेली, तवा मी म्हटलं, कशाला..." बोलता बोलता कृष्णात थांबला. तो हातातल्या टोमॅटोकडं बघत राहिला.

बाहेर आईचा शोक आवरेना, तशी वर्षाराणी नव्या साडीनिशी उठली आणि थंड खोलीकडं गेली. मन थाऱ्यावर नसलं की ती तिकडंच जायची. दाराशेजारच्या, आतलं तापमान दाखवणाऱ्या तांबड्या आकड्यांकडं तिनं बघितलं आणि चमकली. दार घट्ट लावलेलं, ऊन लख्ख पडलेलं, यंत्र जोरात चाललेलं. तरी आत नेहमीपेक्षा गरम. आज नवा माल कुणी आणला नव्हता. मग आत ऊब कुठून आली?

तिनं मूठ फिरवून दार ओढलं.

पोत्यांत गुंडाळलेले तीन चेहरे तिच्याकडं बघत होते. त्यातला एक आपला बाप आहे हे ओळखायला तिला क्षण लागला. मग तिची नजर खाली गेली.

"मिरचीच्या क्रेटवर कोण बसलंय?"

आण्णा ताडकन उभे राहिले. त्यांच्या घरात असं त्यांना कुणी उठवलं नव्हतं.

"आबा, तुम्ही आत बसलाय कशाला?"

"दार लागलं की बाहेरनं!" कृष्णात कुडकुडत म्हणाला.

"मग आतनं उघडायचं," वर्षाराणीनं हिरव्या गुंडीकडं बोट दाखवलं. "ही दाबली की दार उघडतंय. कुणी अडकू नये म्हणून तर बसवलीया."

आण्णा आणि राजवीर दोघंही हळूहळू कृष्णातकडं वळले.

"मला वाटलं," कृष्णात म्हणाला, "टोपी अडकवायला हाय."

सगळे बाहेर उन्हात आले आणि तिथंच, अंगणाच्या मधोमध, भर मेच्या उन्हात बाज टाकून अंग शेकत बसले. बायडाबाईनं पोत्यातला नवरा बघितला, हसावं की रडावं कळेना म्हणून चहा ठेवायला पळाली. एवढ्यात दाढी गुळगुळीत करून गुरुसिद्ध आला. झाला प्रकार ऐकून त्यानं दोन्ही हात कानांना लावले.

"अय्यो देवा, मीच लावलं की दार! माफ करा पावणं, चुकलं माझं." मग थोडं थांबून त्यानं हळूच विचारलं, "माझा घेवडा कुणी खाल्ला न्हाय न्हवं?"

तेवढ्यात जीप आली. जोतीराम दोन्ही हातांत बाटल्या नाचवत धावत आला. "उशीर झाला आण्णा, पर बर्फातल्या आणल्यात बघा! हात लावून बघा कशा गार हायत!"

आण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो तसाच दोन पावलं मागं गेला.

चहा आला. आण्णांनी तीन कप घेतले. तिसऱ्यानंतर त्यांच्या ओठांचा निळसरपणा गेला आणि जीभ सैल झाली. तिकडं राजवीर वर्षाराणीला यंत्राबद्दल काहीबाही विचारत उभा होता. उसाच्या कडेला भाजीपाला लावायची त्याला हौस होती आणि निम्मा माल नासतो ही तक्रारही.

"नीट बघायचं असंल तर एखाद्या सकाळी या," ती म्हणाली. "तवा माल भरत असतोय आम्ही. स्वेटर घालून या मातर."

राजवीर हसला. तीही हसली. आण्णांनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं, पोतं बाजूला ठेवलं आणि घसा खाकरला.

"कृष्णातराव, आडवळणानं बोलायची मला सवय न्हाय. तासभर तुमच्यासंगं बसलो आन् ह्या घरात अक्कल कुणाकडं हाय ते कळलं. पोरगी आम्हास्नी पसंत हाय. आता बोला."

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. वर्षभर ह्या वाक्याची वाट बघत होती ती. गुरुसिद्धनं आनंदानं हात जोडले. जोतीरामनं बाटली फोडायला दातात धरली. सगळे कृष्णातकडं बघू लागले.

कृष्णातनं लेकीकडं बघितलं. ती दाराचं रबर नीट बसलंय का ते बोटानं दाबून बघत होती.

"कळवतो," कृष्णात म्हणाला.

"काय?" आण्णांना वाटलं थंडीनं कान बसले.

"म्हंजे, तिला इचारतो. तिला सवड झाली की. मग कळवतो."

बायडाबाईनं त्याला मागून असा चिमटा काढला की तो बाजेवरून उठलाच. पण शब्द काही त्यानं मागं घेतला नाही.

जीप वडगावच्या रस्त्याला लागली. राजवीर मागं बसून खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जोतीराम, तू एवढी लग्नं जमवलीस. 'कळवतो' म्हणत्यात म्हंजे नेमकं काय म्हणायचं असतंय रं?"

जोतीरामनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आता ते तुम्हीच सांगा आण्णा," तो म्हणाला. "पंचक्रोशीत दर घरी पोहे खाऊन तुम्हीच तर 'कळवतो' म्हणत आलाय."