सगळ्यांना राव म्हणणारे तात्या

आमचे शेजारी गंगारामतात्या वांग्यालासुद्धा राव म्हणत. पाटी घेऊन वाफ्यात उतरले की आधी विचारायचे, "वांगेराव, आज बारामतीचा बाजार हाय. येता का?" जरा थांबायचे, मगच हात लावायचे. एखादं चांगलं वांगं तसंच सोडलं, तर म्हणत, "त्यांची तयारी न्हाय, मास्तर."

लोणी भापकरजवळच्या एका वस्तीवर मी तेव्हा मास्तर होतो. तात्यांच्या तोंडी बैलाला राव, सायकलला राव, शिंक आली तरी "या शिंकराव". लोक त्यांना मागून "येडेराव" म्हणत. तात्या वळून नमस्कार करत.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या सखुबाईंची सून पार्वती बाळंत झाली आणि दहा दिवसांत तिचं बिनसलं. झोपेना, बाळाला जवळ घेईना, एकटीच हसे. एकदा ती विहिरीकडे धावली, तेव्हा घरच्यांनी तिला बैलाच्या दाव्यानं खांबाला बांधलं आणि देवऋषीला निरोप धाडला. बघायला अंगणभर माणसं जमली. मीही होतो त्यांत.

तात्या वाट काढत पुढे गेले. "सखुबाई, दावं सोडा."

"पळाली मंजी?"

"मी बसतो की हितं."

"येडं येडीला राखनार व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय," तात्या म्हणाले, "आमाला म्हाईत असतंय."

सखुबाई पार दमल्या होत्या. त्यांनी दावं सोडलं.

तात्या उंबऱ्यात बसले. तिला त्यांनी काही विचारलं नाही, समजावलं नाही. मेथी निवडत राहिले. देवऋषी आला, त्याला "या भगतराव" म्हणून पाणी पाजलं आणि गोड बोलून वाटेला लावलं. पार्वतीनं ताट बाजूला सरकवलं की तात्याही आपलं सरकवत. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "तात्या, तुमी तरी जेवा."

"तुमी घेतलं तर घेतो."

दोघांनी मिळून एक भाकरी संपवली. पार्वती पुरती सावरायला पुढे कित्येक महिने लागले, पण तिला पुन्हा कुणी बांधलं नाही.

त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी तात्या घरी आल्यावर मी कुंपणावरून विचारलं, "तात्या, भीती नाही वाटली?"

त्यांनी बाही वर सारली. मनगटावर जुना, काळपट वळ होता. "आमची मंडळी वारली तवा मलाबी बांधलेलं. बघाय समदी वस्ती आलती. बसाय कुनी आलं न्हाय."

चार वर्षं मी त्यांच्याशी कुंपणापलीकडूनच बोलत आलो होतो. त्या दिवशी कवाड ढकलून आत गेलो आणि त्यांच्या ओट्यावर बसलो.