तळमजला केव्हातरी नक्की

डॉ. नीलिमा यांच्या आई सावित्रीबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि खाली उतरू शकत नाहीत. दोन्ही गुडघ्यांनी बेमुदत संप पुकारला आहे. तारनाक्याजवळच्या एका संगणन संस्थेची ही वसाहत. इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत सायकली ठेवतात. सावित्रीबाई भाजीसाठी दोरीला बांधलेली टोपली गॅलरीतून खाली सोडतात, आणि वर ओढताना म्हणतात, "माझ्यापरीस ही टोपली नशिबाची. रोज खाली जाऊन यायलीय."

तळमजल्यावर माणसांसाठी एकच क्वार्टर आहे. बाकीचा तळमजला मोटारींचा. त्या एका क्वार्टरसाठी रांग आहे.

इथे चौथ्या मजल्यावरच्या एकनाथरावांविषयीचा परिच्छेद यायचा होता. ते नीलिमाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिवराजचे वडील. रांगेत त्यांचा अर्ज पहिला, नीलिमाचा दुसरा. तेव्हा परिच्छेदही आधी त्यांचाच हवा. परंतु डॉ. नीलिमा यांच्या कारकिर्दीचा परिच्छेद तातडीचा असल्यामुळे तो अगोदर घेण्यात येत आहे. एकनाथरावांचा त्यानंतर नक्की.

नीलिमाला तिचा विषय नारायणगुड्याच्या घरातच सापडला. घरात माणसं पुष्कळ आणि न्हाणीघर एक. आत कोण आहे, बाहेर किती उभे आहेत, आणि बाहेरच्यांपैकी कोणाची पाळी कधीच येत नाही, याचं निरीक्षण तिने लहानपणीच केलं. घरी याला कटकट म्हणत. पुढे परदेशात याला समवर्ती संगणन म्हणतात असं कळलं आणि त्यावर डॉक्टरेट मिळाली. अनेक कामं एकाच वेळी एकाच गोष्टीवर हक्क सांगू लागली तर कोणाला कधी आत सोडायचं, हा तो विषय. ज्या कामाला सतत मागे ढकललं जातं, त्याची उपासमार झाली असं शास्त्र म्हणतं. नीलिमाने अशी रांग शोधून काढली की तीत कोणाचीच उपासमार होत नाही. प्रत्येकाची पाळी केव्हातरी नक्की येते. तिने हे सिद्ध केलं. जगभर टाळ्या पडल्या.

एवढं झाल्यावर तिच्या मनात आलं की, आपण ही रांग आपल्याच वसाहतीला का देऊ नये?

प्रशासकीय अधिकारी शशिकांत मूळचे पुण्याचे. त्यांनी ती सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि त्यांचे डोळे पाणावले.

"मॅडम, 'केव्हातरी' म्हणजे नेमकं केव्हा, हे यात कुठेच नाही."

"नाही. प्रमेय तेवढंच सांगतं. कधी, हे सांगत नाही."

"म्हणजे एखादा अर्जदार कितीही वर्षं थांबला, तरी आपलं वचन मोडलं असं त्याला म्हणता येणार नाही?"

"शास्त्रीयदृष्ट्या, नाही."

"आणि ही अट काय आहे? वाट पाहणारा मध्येच बंद पडता कामा नये?"

"बंद पडलेल्याची हमी कोण देणार?"

"अगदी बरोबर," शशिकांत म्हणाले. "अशी सोय आम्हाला आजवर कोणी करून दिली नव्हती."

त्या दिवसापासून संस्थेत प्रमेय लागू झालं. रांगेविषयीच्या सर्व तक्रारी 'मुदतपूर्व' ठरल्या. जे अर्जदार वारले ते अटीत बसले नाहीत. वार्षिक अहवालात वाक्य आलं की, हयात अर्जदारांपैकी एकाचीही उपासमार सिद्ध झालेली नाही. प्रमेयाचा कागद काचेत घालून लिफ्टच्या जागेत, सायकलींच्या वर लावण्यात आला.

आता एकनाथरावांचा परिच्छेद. पण तत्पूर्वी तातडीच्या वाटपांचा.

प्रमेयाला नवा नियम जोडला गेला: तातडीचं काम मध्ये येऊ शकतं. त्याप्रमाणे तळमजला आधी एका अतिथी प्राध्यापकांना मिळाला, कारण त्यांना उंचीची भीती होती. मग उपसंचालकांच्या ट्रेडमिलला, कारण ती वर नेताना जिन्यात अडकली. मग यंत्रमानव विभागाच्या रोबोला.

नीलिमा शशिकांतांकडे गेली. "रोबोला क्वार्टर कशाला?"

"त्याला पायऱ्या चढता येत नाहीत, मॅडम."

"माझ्या आईलाही येत नाहीत."

"पण त्यांच्यावर केंद्राचं अनुदान नाही."

घरी आल्यावर सावित्रीबाईंनी विचारलं, "काय म्हणले गं?"

"आपली पाळी येणार आहे. सिद्ध झालंय."

"कोणी केलं सिद्ध?"

"मीच."

"हौ का," सावित्रीबाई म्हणाल्या. "मग तुला अजून एक डिग्री देतील. मला तेवढं गच्चीवर टाकू नको, म्हंजे झालं."

नीलिमाने त्यानंतर प्रमेयावर काम केलं नाही, अनुदानावर केलं. पायऱ्या न चढू शकणाऱ्या स्वायत्त यंत्रणांचा दीर्घकालीन अभ्यास, असा प्रकल्प तिने पाठवला. यंत्रणा एकच, स्वयंचलित, वापरलेली, परंतु बोलण्यात अत्यंत सक्षम. प्रकल्प मंजूर झाला. त्याच सुमारास रोबो पायऱ्या चढायला शिकला आणि त्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं गेलं. क्वार्टर रिकामं झालं. पाळी एकनाथरावांची होती. उपकरण तातडीचं होतं.

शिवराज प्रयोगशाळेत आला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती.

"मॅडम, नंबर अण्णाचा होता की."

"हो रे. त्यांचाही येईल."

"कधी?"

नीलिमाने पडद्यावरून नजर काढली नाही. "केव्हातरी नक्की."

"हौ," शिवराज म्हणाला. "काचेत लावलंय ना. मी रोज सायकल तिथंच ठेवतो."

सावित्रीबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. सगळ्यांत पुढे शिवराज होता, कारण जिन्याची वळणं त्यालाच नीट ठाऊक. खाली आल्यावर त्यांनी आधी फाटकापर्यंत फेरी मारली, एका हाताने भिंत धरून. मग भाजीवाल्याशी समोरासमोर भांडल्या. त्यांच्या पलंगाला मालमत्ता क्रमांकाची पट्टी चिकटवली आहे. वार्षिक पडताळणीला त्या जातीने हजर राहतात आणि तपासनिसांना चहा देतात.

चौथ्या मजल्यावरून एक टोपली मात्र रोज सकाळी त्यांच्या खिडकीसमोर उतरते, थोडा वेळ लोंबकळते आणि वर जाते. सावित्रीबाईंनी खिडकीला पडदा लावून घेतला आहे. ऊन फार येतं म्हणतात. खिडकी उत्तरेची आहे.

कथा इथे संपते. सावित्रीबाई खाली आल्या तेव्हा तुम्हालाही बरं वाटलं असेल, वाटायलाच हवं. एकनाथरावांचा परिच्छेद राहिला आहे, हे तोवर तुम्ही विसरला होतात. त्यांना काय झालंय, तेही तुम्ही विचारलं नाहीत. हरकत नाही. तो परिच्छेद रांगेत सुरक्षित आहे, आणि त्याच्या आधी आता फक्त, ज्यासाठी तुम्ही उठत आहात, ते तुमचंच एक तातडीचं काम आहे.