डोमाकाका आणि पाच चोरांची जीप

डोमाकाकांना पाणी दिलं की ते लगेच पीत नाहीत. आधी गिलास फिरवून त्यावर कोरलेलं नाव वाचतात. एकदा आमच्या घरी, भर पाहुण्यांत ते म्हणाले, "वहिनी, हा त शेवंताबाईचा हाय जी. बारशाले आला असन, वापस नाई गेला." आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. शेवंताबाई मात्र त्याच संध्याकाळी येऊन गिलास घेऊन गेली.

डोमाकाकांचा सारा जन्म आंधळगावात हातमागावर गेला. आमच्या मोहल्ल्यातला विणकर कापडाच्या टोकाला आपल्या रंगाचा एक धागा सोडतो. व्यापाऱ्याकडे कितीही ढीग पडला तरी ज्याचा माल त्याला ओळखू येतो. त्यावरून काकांनी ठरवून टाकलं, की जगात वस्तू आहे तिथं धनी आहे, आणि धनी आहे तिथं खूण आहे. "पयले खूण दाखव" हे त्यांचं पालुपद. बाजारातली भाजीवाली तर एकदा चिडून म्हणाली, "काका, आता वांग्यावर का नाव कोरू?"

या स्वभावापायी काकांचा धाकटा भाऊ सुखदेव घर सोडून गेला. त्याला मोटारींचा नाद. एक दिवस त्यानं बिनचाकाची, बिनछताची जुनी जीप टेम्पोत घालून आणली आणि मागाच्या खोलीमागं ठेवली. दुरुस्त करून पळवायची, एवढंच त्याचं स्वप्न. काकांनी चार माणसांसमोर विचारलं, "कोठून उचलली बे?" सुखदेव त्याच पावली निघाला. आता तो तिकडे तुमसरच्या पुढं बपेरा गावाला गाड्या दुरुस्त करतो. भावाभावांत बोलणं नाही.

जीप गंजत पडली. लोक म्हणायचे, भंगारात काढा. काका म्हणायचे, "चोरीची असन त इकता येत नाई. नसन त थे सुख्याची हाय."

मग यंदा उन्हाळ्यात त्यांनी मला गाठलं. "तू लिहिता-वाचता हायेस. चल, जीप कोणाची थे पाहून घेऊ."

ऊठसूट पत्रकं छापणारा मी, पेटलोच. पुराव्याशिवाय माणसाला चोर ठरवणं हीच मोठी चोरी, असं मी त्यांना जीपपाशी उभं राहून ठणकावलं. गावासमोर जाहीर खुलासा व्हावा अशी मागणीही केली.

"मंग छापजो तुझं पत्रक," काका म्हणाले. "आता टॉर्च धर."

ते जीपखाली शिरले. रॉकेलच्या फडक्यानं चेसिस घासली, कागद लावला, वरून पेन्सिल फिरवली. नंबर उमटला. इंजिनाचाही तसाच घेतला. पण बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गिअरबॉक्सवर पिवळा पट्टा होता, रेडिएटरवर निळं फूल, दारावर कोणाची तरी अक्षरं. अशा पाच खुणा निघाल्या.

"एका कापडाले एकच खूण असते गा," ते हळूच म्हणाले. "पाच खुणा म्हणजे पाच घरची चोरी."

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. दोन्ही नंबर तपासून शिपाई म्हणाला, चोरीची नोंद नाही. काकांचं समाधान होईना. "थे दोन नंबर झाले. बाकीच्या खुणा?"

म्हणून माझ्या मोटरसायकलवरून तुमसर. सुखदेव ज्याच्याकडून माल घ्यायचा तो भंगारवाला सापडला. मोबाईलवरचे फोटो पाहून तो हसतच सुटला.

"काका, जुनी जीप अशीच बनते. दहा गाड्या मोडतात तवा एक उभी राहते. मोडताना आम्ही पार्टावर आपापली खूण करतो. हा पिवळा पट्टा माझाच. फूल माझ्या साळ्याचं. पाचही खुणा आमच्या घरच्याच हायेत."

"चोरीचा माल नाई ना?"

"तुम्ही सुखदेवचे भाऊ का?" त्यानं विचारलं. "थ्यानंबी एकेका नटावर हेच इचारून माझं डोक्स खाल्लं होतं. धनी कोण, धनी कोण. शेवटी मी ज्याच्याकून गाड्या घेतल्या, थ्याच्या घरी जाऊन इचारून आला, तवा कोठं माल उचलला."

 काका बाहेर येऊन माझ्या मागं बसले आणि म्हणाले, "बपेऱ्याले घे."

सुखदेव एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता. फक्त पाय दिसत होते. काका त्या पायांपाशी उभे राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील. काकांनी घसा खाकरला.

"सुख्या, थ्या जीपचे बिरेक मी बसवून पाहू का?"

ट्रॅक्टरखालची खटखट थांबली. 

"हात लावू नका जी," खालून आवाज आला. "सारी बिघडवान. इतवारी येतो मी."

काकांनी मान हलवली, जणू खालून ती दिसतच होती. मग बाजूला पडलेली त्याची चप्पल उचलून सावलीत ठेवली आणि गाडीवर येऊन बसले.

 परतताना माझा खुलासा, मागण्या, सगळं मनातल्या मनात विरघळलं होतं. तुमसर मागं पडल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इतवार परवाच हाय ना गा?"