अडतीसचे सोनबा विरुद्ध एकोणसाठचे जलील

दोन माणसांत भारी कोण याचा खरा निकाल लागायचा असेल, तर ती दोघं एकमेकांसमोर कधीही येता कामा नयेत. समोर आली की एक पडतो, दुसरा उभा राहतो, बघणारे धोतर झटकून घरी जातात आणि विषय संपतो. विषय संपणं ही समाजाची फार मोठी हानी आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांनी ही हानी सलग तीन वर्षं रोखून धरली. मी त्या समितीचा चिटणीस होतो, म्हणून हे छाती पुढं काढून सांगतोय.

सुरुवात सत्त्याण्णवच्या जुलैत झाली. परदेशात एका हेवीवेट मुष्टियोद्ध्यानं भर सामन्यात दुसऱ्याचा कान चावला. ते केबलवर बघून एसटी स्टँडसमोरच्या एहसानच्या हॉटेलात प्रश्न निघाला, की हाच गडी साठ वर्षांपूर्वीच्या चँपियनपुढं उभा केला असता तर काय झालं असतं? आमच्यापैकी कुणी आयुष्यात बॉक्सिंगचा हातमोजा बघितला नव्हता (त्यामुळं चर्चा निःपक्ष झाली). कुणी म्हणालं जुना जिंकेल, कारण त्याला पंधरा फेऱ्यांची सवय. कुणी म्हणालं नवा, कारण जुन्याला कान सांभाळून लढायची सवय नाही. चहाच्या अकरा फेऱ्या झाल्या, बाराव्या फेरीला आनंदराव उठले.

आनंदराव म्हणजे निवृत्त तलाठी. नोकरीची तीस वर्षं त्यांनी कैक मयतांना सातबाऱ्यावर जिवंत ठेवलं होतं, त्यामुळं गेलेल्या माणसाशी कसं वागावं याचा त्यांच्याइतका अनुभव कुणालाच नव्हता. ते म्हणाले, परक्यांची उठाठेव कशाला, आपल्याकडं काय पैलवान मेलेले नाहीत? त्याच बैठकीत ‘भोर-वेल्हे भिन्नकालीन मल्ल जोड समिती’ स्थापन झाली. जत्रेच्या आखाड्यात कुणी कुणाशी लढायचं ते ठरवणं म्हणजे जोड लावणं. आम्ही फक्त वेगवेगळ्या काळातल्यांची जोड लावायचो, एवढाच फरक.

वरवर बघणाऱ्याला हे काम सोपं वाटेल. वाटो. एक दुधाचाच प्रश्न घ्या. एकोणीसशे चाळीसपूर्वी प्यालेलं दूध पूर्ण सोळा आणे धरायचं, साठपर्यंतचं तेरा आणे, ऐंशीपर्यंतचं दहा, आणि त्यापुढचं पिशवीतलं सहा (पिशवी फुटकी नसल्यास). चालत आलेल्या मल्लाला थकव्याची सवलत मिळे. एसटीनं आलेल्याला थांब्यावर वाट बघितल्याची सवलत मिळे, आणि ती बहुधा चालणाऱ्यापेक्षा जास्त निघे. एसटी वेळेवर आली असं धरून चालावं, अशी सूचना एकानं मांडली होती, पण कल्पनेलाही काही मर्यादा हवी म्हणून ती फेटाळली. साक्षीदार मयत असेल तर त्याच्या साक्षीला दुप्पट वजन, कारण तो ती फिरवत नाही.

या पद्धतीनं आम्ही एकवीस जोड्या निकाली काढल्या. वेल्ह्याला प्रतिनिधित्व नाही अशी ओरड झाली, म्हणून विंझरचा एक मल्ल यादीत घेतला होता. पण तो अजून कुस्त्या मारतो असं कळल्यावर त्याचा विचार थांबवावा लागला. लढणाऱ्या माणसाबद्दल ठामपणे काही सांगता येत नाही हो, उद्या तो हरायचा.

मग आली बाविसावी जोड. एका बाजूला हिर्डोशीचे सोनबा, ऐन उमेदीचं साल एकोणीसशे अडतीस, मृत्यू एकाहत्तर. दुसऱ्या बाजूला भोरचे जलील पैलवान, ऐन उमेदीचं साल एकोणसाठ, मृत्यू प्रलंबित. जलील हयात होते हा मामला जरा अडचणीचाच. ते मुलाच्या, आसिफच्या, पंक्चरच्या दुकानाबाहेर बाकावर बसायचे आणि उठताना दोन्ही गुडघ्यांना हात लावायचे. ते बघून सभासदांची मतं कलुषित होत होती. तेव्हा निकाल लागेपर्यंत त्यांनी बाक दुकानाच्या आत घ्यावा, असं त्यांना लेखी कळवलं.

पत्र मिळताच जलील स्वतः समितीपुढं आले. तीन पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली (नोंद घेतली नाही). बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सोनबा माजे वस्ताद,” ते म्हणाले. “चौदाव्या वर्सी त्येंनी माज्या अंगाला माती लावली. वस्तादाशी जोड लागत न्हाई. ही जोड मोडा.”

गुरूशी शिष्यानं हात मिळवायचे नसतात, हा तालमीतला कायदा आम्हाला काय ठाऊक नव्हता? पण आनंदरावांनी त्यातलं मर्म उलगडून दाखवलं. अडतीस साली अर्जदार चार वर्षांचा होता. म्हणजे अडतीसच्या सोनबांनी त्याला काहीच शिकवलेलं नव्हतं. ज्यानं शिकवलं तो अठ्ठेचाळीसचा सोनबा, आणि तो या सामन्यात पक्षकारच नाही. सबब हरकत फेटाळण्यात येते. उभ्या आयुष्यात मी असा स्वच्छ निर्णय ऐकला नाही.

तेव्हा जलील म्हणाले, मग मला हरवून टाका, मी पडलो असं लिहून देतो. आता याला काय म्हणावं! ठरवून पडणं म्हणजे नुरा कुस्ती, आणि नुरा कुस्ती समितीनं पहिल्याच ठरावात निषिद्ध ठरवलेली. आनंदराव मोठ्या मायेनं म्हणाले, “जलीलभाई, हा तुमचा प्रश्नच नाही. हा एकोणसाठच्या जलीलचा प्रश्न आहे. तुम्ही मध्ये पडू नका.”

मतदान चार वाजता झालं. हिर्डोशीकडच्या सभासदांना साडेतीनची गाडी गाठायची होती, हा निव्वळ योगायोग. सात विरुद्ध शून्य मतांनी जलील विजयी. चौदावं मिनिट, ढाक डाव. हा डाव आपल्याला सोनबांनीच शिकवला, असं जलीलनी नंतर अर्जात लिहून दिलं. अर्ज दाखल करून घेतला.

त्या अर्जात बराच अवांतर मजकूर आहे. सोनबांची लेक धोंडाबाई, दिली ती गावातल्या गावातच. दर साली भात झोडून झालं की ती नव्या तांदळाची पिशवी कंडक्टरजवळ देऊन जलीलच्या घरी धाडायची, आणि ईदला जलीलच्या घरून शीरखुर्म्याचा डबा हिर्डोशीला जायचा. वस्ताद गेल्यापासून यात एक वर्ष खंड नाही. निकाल फुटून हिर्डोशीला पोचला, त्या साली पिशवी आली नाही. जलील एसटीनं हिर्डोशीला गेले. धोंडाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, “दादा, जित्तेपनी त्येंच्या पाया पडायचास. मेल्यावर पाडलंस व्हय त्यास्नी?”

पाणी न पिता उठलो, असं पुढं लिहिलंय. त्यांना जोड मोडून हवी होती, दुसरं काही नको होतं. पण लागलेला निकाल मोडायची तरतूदच नव्हती, आणि एका पिशवी तांदळासाठी ती करणं योग्य दिसलं नसतं.

दोन हजार सालच्या जत्रेत निकाल जाहीर करायचं ठरलं. आखाड्यावर गर्दी व्हावी म्हणून त्या वर्षी खऱ्या कुस्त्या रद्द केल्या. त्या पाच-पाच मिनिटांत संपतात आणि लोकांना बोलायला काही उरत नाही. माणसं लोटली, हिर्डोशीचीही आली. माईकवरून विजयी मल्लाचं नाव पुकारलं, आनंदराव फेटा घेऊन उभे राहिले.

जलील आखाड्यात उतरले. त्यांनी माती कपाळाला लावली. सदरा काढला, घडी करून कडेला ठेवला. मग एक हात टेकून, गुडघे सावरत, ते हळूहळू लाल मातीत पाठीवर आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला टेकल्याची त्यांनी मान वळवून खात्री करून घेतली आणि म्हणाले, “पडलो. वस्तादानं पाडला. लिवा.”

अशा प्रसंगी माणसाची परीक्षा होते. आनंदरावांनी माईक हातात घेऊन जागच्या जागी निर्णय दिला, की आत्ता लागलेली पाठ ही दोन हजारच्या जलीलची असून तिचा एकोणसाठच्या जलीलवर काडीचाही परिणाम होत नाही. टाळ्या पडल्या. मग ज्याचं त्याचं सुरू झालं. अडतीसचे सोनबा ढाकेत सापडलेच नसते म्हणून कामथडीचे लोक भांडायला लागले. दूध तेरा आणे धरलं त्यातच खोट आहे, असं दुसरा गट ओरडायला लागला. माणसं अंगावर आली, आखाड्यात उतरली, पडलेल्या जलीलना वळसा घालून एकमेकांना डाव समजावून सांगू लागली. समितीच्या कार्याचं याहून मोठं चीज काय व्हायचं?

फक्त धोंडाबाई चर्चेत नव्हती. ती लुगडं सावरून मातीत उतरली आणि जलीलच्या उशाशी जाऊन बसली. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, खांदे मात्र मातीतच राहू दिले. हिर्डोशीची शेवटची गाडी गेली तरी दोघं तिथंच होती. मातीत बसायची परवानगी कुणी दिली, याची चौकशी व्हायला हवी होती.

निकाल आजही कायम आहे. हिर्डोशीकरांनी फेरविचार मागितल्यामुळं समितीला आता बाहेरची मतं गोळा करायची आहेत. तुम्ही तुमचं मत कळवा. विचार करायला वेळ मागू नका. म्हातारा पाठीवर पडलेला आत्ता वाचत होतात, तेव्हाही तुमच्या मनात अडतीसचे सोनबा आणि एकोणसाठचे जलील खडाखडी करत होतेच. कोण जिंकलं तेवढं लिहा. सभासद व्हायला याहून जास्त काही लागत नाही.