मिश्रीच्या डबीवरील मोहीम

श्री. जिणे मुखी वाचा घातली तिणेच मुख राखावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास. ते समयी टेकडीउतारावरील पत्र्याच्या घरांच्या राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, सोजराबाईसाहेब अंमल करीत होत्या, आणि तव्यावर तंबाखू जाळून तिची काळी मिश्री दातांस घासावी ही तेथे तीन पिढ्यांची वहिवाट जाहली होती, आणि बाईसाहेबांची धाकटी कन्या मोनाली, वय वर्षे चौदा, हीही घासू लागली, कारण मिश्रीने भूक मरते आणि दाढेचा ठणका शमतो. सूनबाई वैजयंताबाई कॉलेज शिकलेल्या, कडेवर दहा महिन्यांची लेक, नजर ससाण्याची. त्यांनी नणंदेच्या गालात आतून पांढरा चट्टा पाहिला, ऐशा चट्ट्याचा पुढे कर्करोग होतो हे त्यांस ठाऊक, आणि त्याच दिवशी तान्हीने डबीत बोट बुडविले, मग तर त्यांस अन्न गोड लागेना.

ऐशियात शहराकडून संशोधकांची स्वारी आली, सरदार गौतमीताई, हाती बोलता टॅब. मसलत अशी की, मुली मिश्री किती लावतात याची गणती करावी आणि गणती मोठी निघाल्यास तोंड तपासावयाची गाडी वैद्यांसह तीन महिने येथेच ठेवावी. मग टॅबाने भर ओसरीत खणखणीत पुसिले, "तू मिश्री लावतेस का?" तोच मोनालीने ओठ हलविण्याआधी सोजराबाई गरजल्या, "आमच्या पोरी नाय लावत असलं काय! लिही, नाही!" आणि गरजताना त्यांचेच दात काळेकुळकुळीत दिसले. घरोघर हेच जाहले. चाळीस मुली, चाळीस 'नाही'.

गौतमीताई खिन्न होऊन बोलिल्या, "वहिनी, इथे गरजच नाही असं निघतंय. गाडी उद्या दुसऱ्या वस्तीत जाणार."

"आकडा खोटा आहे, ताई. सासूला तिच्याच उंबऱ्यावरून ऊठ म्हणायची इथे कुणाची छाती नाही. तुमचा टॅब मोठ्यानं बोलतो, हाच घोळ. प्रश्न पोरीच्या कानातच सांगा, चार साध्या प्रश्नांत मिसळून. उत्तर बोलायचं नाही, नुसता रंग दाबायचा. हो असेल तर हिरवा, नाही तर लाल."

"पण आमची पद्धत ठरलेली आहे हो."

"पद्धत तुमची, तोंड आमच्या पोरीचं!"

हे ऐकून गौतमीताईंनी वरिष्ठांस फोन केला आणि भांडून एक दिवसाची मुदत आणली. दुसरे दिवशी मोनालीच्या कानी इअरफोन चढले आणि सोजराबाई मांडीला मांडी लावून बसल्या, "काय इचारतंय गं ते?" पोरीचे बोट लालावर गेले, थबकले, आणि मग हिरव्यावर टेकले. प्रश्न कोणता होता हे वैजयंताबाईंसही न कळे, आणि मुद्दा तोच होता. सायंकाळी गणती आली: चाळिसांत सव्वीस. गाडी राहिली.

"सव्वीस? कुणाच्या गं ह्या भवान्या?" म्हणत सोजराबाई वस्तीभर फिरल्या, परंतु नाव कोठेच लिहिलेले नव्हते. मग वैजयंताबाईंनी नणंदेस हात धरून गाडीत नेले आणि वैद्यराजांनी गालात दिवा धरून सांगितले, "चट्टा कोवळा आहे. मिश्री आजपासून बंद केली तर बहुतेक जाईल. दाढेवर इलाज करतो. महिन्यानं पुन्हा दाखवायचं, चुकवायचं नाही."

"चुकणार नाही," वैजयंताबाई बोलिल्या.

दाराशी सोजराबाई उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकिले होते. आत येऊन त्या तेथेच बसलेल्या गौतमीताईंस म्हणाल्या, "ते कानातलं दे इकडं."

"आजी, ते मुलींसाठी आहे."

"दे म्हनते ना!"

आणि कानी घालून त्यांनी हिरवा दाबला, पुन्हा हिरवा दाबला, मग इअरफोन उतरवून खुर्चीवर बसल्या आणि वैद्यांस म्हणाल्या, "बघा. दोन वर्सं झाली, घास गिळताना टोचतंय. कुनाला बोलले नाय." वैजयंताबाईंनी तान्हीस मोनालीकडे दिले आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वैद्यराजांनी दिवा जवळ घेतला.

सारांश, मोहिमेत मुली सव्वीस मिळाल्या आणि सत्ताविसावी आपल्या पायांनी आली. घडले तितुके लिहिले.